होल्डनचे कान

जे. डी. सॅलिंजरची ‘द कॅचर इन द राय’ १९५१ साली आली, आणि तेव्हापासून तिच्यातल्या लाल शिकारी टोपीला क्षणभर उसंत नाही. कुणी म्हणतं ती होल्डनच्या वेगळेपणाची खूण आहे. कुणी म्हणतं त्याचा मेलेला धाकटा भाऊ ॲली लाल केसांचा होता, म्हणून टोपी लाल. कुणी म्हणतं शिकारी टोपी घालणारा होल्डन स्वतःच सावज आहे. यातलं काहीच चूक नाही. पण कॉलेजात ही कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हाही आणि परवा पुन्हा वाचली तेव्हाही, या सगळ्या चर्चेत एक साधी गोष्ट निसटते असं मला वाटत राहिलं. त्या टोपीला कानपट्ट्या आहेत. ती खाली ओढली की कान झाकले जातात. कादंबरी डिसेंबरातली आहे, आणि त्यातला सोळा वर्षांचा मुलगा पहिल्या प्रकरणापासून शेवटपर्यंत गारठलेला आहे.

सुरुवातच बघा. शाळेची फुटबॉल मॅच चालू आहे आणि होल्डन टेकडीवर एकटा उभा आहे. त्याचा उंटाच्या लोकरीचा कोट कुणीतरी चोरला, खिशातल्या हातमोज्यांसकट. स्पेन्सर सरांच्या दाराशी पोचेपर्यंत त्याची बोटं हलत नाहीत आणि कान दुखत असतात. हे तो स्वतः सांगतो. पण त्याच दिवशी सकाळी न्यूयॉर्कमध्ये त्याने एक डॉलरला कान झाकणारी टोपी विकत घेतलेली आहे, हे मात्र तो इथे सांगत नाही. ते कळतं तिसऱ्या प्रकरणात. होल्डन खोलीवर परत आलाय, त्या दिवशी हीटर नेमका चालू आहे, खोली उबदार आहे. तो कोट काढतो, टाय काढतो, शर्टाची कॉलर सैल करतो आणि मग टोपी घालतो.

म्हणजे कान दुखत होते तेव्हा टोपी डोक्यावर नव्हती. ऊब मिळाल्यावर ती डोक्यावर आली, तीही चोच मागे फिरवून. कदाचित टोपी खोलीवरच राहिली असेल, होल्डन तसं काही म्हणत नाही. पण सॅलिंजरने आपल्याला ती पहिल्यांदा कुठे दाखवली, याला महत्त्व आहे. तिची पहिली ओळख होते ती नखरा म्हणून. ती ऊबही देते, हे आपल्याला बऱ्याच नंतर कळतं.

आता हा नखरा का लागतो, ते पाहू. त्या काळातल्या अमेरिकन शहरांत पुरुषाने टोपी घालणं अगदी सर्वमान्य होतं. जुने सिनेमे पाहिलेत तर फेडोरा हॅट्सनी भरलेले रस्ते आठवतील. पण फेडोरा कानांच्या वर बसते. ती ऐट देते, ऊब फारशी देत नाही. कान झाकायची टोपी असायची ती शिकाऱ्याची, लाकूडतोड्याची, सैनिकाची. थोडक्यात, कान गरम ठेवायला पुरुषाला आधी बंदूक किंवा कुऱ्हाड हातात घ्यावी लागे. होल्डनचा शेजारी ॲकली टोपी बघून लगेच म्हणतो की ही हरणं मारायची टोपी आहे. होल्डन उत्तर देतो की ही माणसं मारायची आहे. दोघांपैकी एकालाही ती थंडीची टोपी आहे असं म्हणावंसं वाटत नाही.

हे आपल्याला परकं नाही. कानटोपी आपल्याकडे दोनदाच मिळते: एकदा पाळण्यात, आणि मग एकदम सकाळच्या बागेतल्या बाकावर, साठीनंतर. मधल्या काळात पुरुषाला कान नसतात! राजमाची किंवा कळसूबाईच्या ट्रेकला जो मुलगा डोक्यापासून हनुवटीपर्यंत बफ ओढून बसतो, तोच सोमवारी सकाळी दहा अंशांत उघड्या कानांनी बाइकवर निघतो. आजीने दारात मफलर पुढे केला तर म्हणतो, “काय गं आज्जी, मी काय लहान आहे का?” ट्रेक म्हणजे त्याची शिकार. तिथे ऊब चालते, कारण तिथे ती ‘गिअर’ असते.

होल्डनला या सगळ्याची जाणीव आहे, आणि म्हणूनच तो वाचायला इतका मजेशीर आहे. शाळा सोडून तो रात्री स्टेशनकडे चालत निघतो. बर्फ पडलेलं आहे, नुकताच मार खाल्लेला ओठ थंडीने ठणकतोय. पण कान मात्र छान गरम आहेत, असं तो समाधानाने सांगतो, कारण त्याने कानपट्ट्या खाली केल्यात. आपण कसे दिसतो याची आपल्याला पर्वा नाही, असंही ठणकावतो. आणि त्याच दमात पुस्ती जोडतो की तसंही रस्त्यावर कुणी नव्हतं, सगळे झोपले होते. या एका पुस्तीवर सॅलिंजरला शंभर गुन्हे माफ. गाडीत बसल्यावर टोपी खिशात जाते. न्यूयॉर्कला टॅक्सीत पुन्हा डोक्यावर येते, आणि हॉटेलात नाव नोंदवण्याआधी परत खिशात, वेडपट दिसायला नको म्हणून. जगातल्या ढोंगी लोकांवर सतत तोंडसुख घेणारा हा मुलगा टोपीच्या बाबतीत चारचौघांइतकाच भित्रा आहे.

भित्रा हा शब्द त्याचाच. तेराव्या प्रकरणात तो मध्यरात्री एक्केचाळीस ब्लॉक चालत हॉटेलकडे येतो. टोपी काढतो, घालतो, कानपट्ट्याही खाली करतो. हात मात्र गारठलेले, आणि त्यावरून त्याला हातमोजे चोरणारा आठवतो. मग तो मनातल्या मनात चोराच्या खोलीत शिरतो, मोजे शोधतो, त्याच्यासमोर उभा राहतो आणि त्याला ठोसा मारू शकत नाही. मारायला हवा हे कळतं, पण त्या माणसाचा चेहरा बघवत नाही. शेवटी कबूल करतो की आपण थोडे भेकड आहोत. थंडी वाजते इथून सुरू झालेली गोष्ट आपण पुरुष म्हणून कमी पडतो इथे येऊन थांबते, आणि मधे जोडणारं एक वाक्यही लेखकाला लिहावं लागत नाही. प्रतीकं शोधणाऱ्यांनी हे पान जरा हळू वाचावं, असं मला वाटतं.

सर स्पेन्सरही इथेच आठवतात. फ्लू झालाय, अंगात बाथरोब, वरून गुंडाळलेली नावाहो घोंगडी. होल्डनला त्यांची दया येते आणि शिसारीही. पायजमा-बाथरोबमधले म्हातारे त्याला बघवत नाहीत. पांघरलेला पुरुष म्हणजे संपत आलेला पुरुष, असं त्याच्या डोक्यात बसलंय. त्या घोंगडीपासून जितकं लांब राहता येईल तितकं बरं.

आपल्या राजकारणातही हा खेळ दिसतो. दिल्लीच्या हिवाळ्यात अरविंद केजरीवाल डोकं-कान मफलरने गुंडाळून फिरत, तेव्हा त्यांची आधी टिंगल झाली. २०१४ मध्ये ‘मफलरमॅन’ झाला आणि तोच मफलर पक्षाची खूण बनला. २०२२-२३च्या थंडीत राहुल गांधी उत्तरेत पांढऱ्या टी-शर्टात चालले, तेव्हा त्यांना थंडी का वाजत नाही याची बातमी झाली. दोघांचं राजकारण बाजूला ठेवा. एकाने अंगावर घेतलं आणि दुसऱ्याने घेतलं नाही, पण दोन्हींचा अर्थ लावावाच लागला. नुसती थंडी हे कारण कुणाला पुरलं नाही. होल्डनच्या टोपीबद्दल माझी तक्रार नेमकी हीच आहे. प्रतीकं शोधणारी समीक्षाही त्या मुलासारखीच वागते: टोपी घालायला तिला काहीतरी मोठं कारण हवं असतं.

कादंबरीत हे कारण न मागणाऱ्या तीन बायका आहेत. मिसेस स्पेन्सर दार उघडताच गारठलास का म्हणून विचारतात. दुसरी आहे एका बारमधली कोट-टोप्या सांभाळणारी बाई. होल्डन प्यायलेला, बेसिनमध्ये डोकं बुडवून आलेला, केस निथळताहेत. तो तिला भेटीचं विचारतो. ती आपले पांढरे केस दाखवते, वय बेचाळीस सांगते, त्याने पुढे केलेला डॉलर घेत नाही, आणि बाहेर पडण्याआधी त्याला टोपी घालायला लावते. अख्ख्या पुस्तकात मला सगळ्यांत जवळची वाटणारी ही व्यक्ती, आणि तिला नावही नाही. पुरुषाने कान झाकावेत तर ते बाईच्या हुकमाने, म्हणजे दोष त्याच्याकडे राहत नाही, ही सोय सॅलिंजरही वापरतोच. तेवढं मी त्याच्या खाती मांडून ठेवते.

टोपी असूनही पार्कात त्याच्या केसांत बर्फाचे खडे होतात. न्यूमोनियाने मरू, या विचाराने तो घाबरतो आणि त्याला ॲलीची कबर आठवते. तिथे दोनदा पाऊस आला होता. आलेले सगळे धावत जाऊन आपापल्या गाड्यांत बसले. रेडिओ लावून कुठेतरी छान जेवायला जाणं त्यांना शक्य होतं. ॲलीला नव्हतं.

मग तिसरी बाई, दहा वर्षांची फीबी. टोपी होल्डनने आदल्या रात्री तिला दिलेली. सकाळी रागावून तिने ती त्याच्या तोंडावर फेकलेली. पण गोल फिरणाऱ्या घोड्यांवर पुन्हा बसायला जाताना ती त्याच्या कोटाच्या खिशात हात घालते, टोपी काढते आणि त्याच्या डोक्यावर ठेवते. पाऊस कोसळू लागतो. बाकीचे पालक छपराखाली पळतात, जसे तेव्हा गाड्यांकडे पळाले होते. होल्डन बाकावर बसून राहतो. टोपीचा तसा बराच आडोसा झाला, तरी मी चिंब भिजलो, असं तो सांगतो. एका डॉलरच्या टोपीबद्दल तो इतकं सरळ पहिल्यांदाच बोलतो.