मूल कोणाचे, आणि आईने राहायचे कुठे?

‘लूझिंग आयझाया’ (१९९५) हा अमेरिकन चित्रपट दोन आयांमधला खटला म्हणून ओळखला जातो. शिकागोतील कैला (हॅली बेरी) क्रॅकच्या ओढीने तान्ह्या बाळाला कचऱ्याजवळ खोक्यात ठेवून जाते. बाळ वाचते. रुग्णालयातील समाजसेविका मार्गारेट (जेसिका लँग) त्याला दत्तक घेते. तुरुंगवासात व्यसनातून सावरलेली कैला पुढे मूल परत मागते. गोऱ्या घरात काळे मूल, हाच वादाचा मुद्दा ठरतो. मला खटकते ती मधली गाळलेली जागा.

कैलाचे व्यसन सुटणे पटकथा झटपट उरकते, तेही मुलाला दूर ठेवून. जणू आधी बाई शुद्ध व्हावी, मग आई. मुक्तांगणमुळे मराठी वाचकाला निवासी उपचार परिचित आहेत. त्या काळात रोज काय घडते यातच खरी कथा असते, हेही त्याला ठाऊक आहे.

ही गाळणूक त्या काळाचीच. १९८५ साली डॉ. आयरा चॅस्नॉफ यांचा अवघ्या २३ कोकेनग्रस्त स्त्रियांवरील निबंध आला आणि वृत्तपत्रांनी ‘क्रॅक बेबी’ची पिढीच उभी केली. डॉ. हॅलम हर्ट यांनी फिलाडेल्फियात २२४ बालकांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. त्यांच्या वाढीवर कोकेनपेक्षा गरिबीचा ठसा मोठा निघाला. पण तोवर चार्ल्स्टनच्या सरकारी रुग्णालयात १९८९पासून गरोदर स्त्रियांची लघवी तपासून पोलिसांना कळवले जाऊ लागले होते. संमतीविना केलेली ही तपासणी सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये घटनाबाह्य ठरवली.

अशा धास्तीत बाई नाव नोंदवायलाही जात नाही. घरी आणखी दोन लेकरे असली, तर त्यांना कोणाकडे सोपवून भरती व्हायचे? म्हणून काही केंद्रांनी आई आणि मूल एकाच खोलीत ठेवले. रात्री रडणाऱ्या बाळाला घेणे हाही तिथे उपचाराचा भाग. पालकगृहात जाऊ शकणारे मूल अशा केंद्रात आईजवळ राहिले, तर १२ महिन्यांपर्यंत त्याचा खर्च संघराज्याच्या निधीतून देण्याची तरतूद मात्र २०१८च्या कायद्याने आली.

चित्रपटातील न्यायाधीश मूल कैलाला देतात. मूल मिटून जाते. अखेर कैलाच मार्गारेटला बोलावते. समीक्षकाला हा शेवट गुळमुळीत वाटू शकतो. मला तो पटकथेतला सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो: मूल मध्ये, आणि सावरणारी आई मदत मागते आहे. फक्त दृश्य फार उशिरा येते. ते बाळंतपणाच्या खोलीत हवे होते.