दुःखाची साक्ष आणि दुःखाची सजावट

एखाद्या गाजलेल्या कादंबरीवर चित्रपट निघाला की त्याच्यासोबत एक सचित्र ग्रंथही बाजारात यावा, ही पाश्चात्त्य प्रकाशनव्यवसायाची रूढ रीत आहे. अशा ग्रंथात चित्रीकरणाची छायाचित्रे असतात, कलावंतांची मनोगते असतात, वेशभूषेची व नेपथ्याची माहिती असते. समीक्षक त्याकडे सहसा वळत नाहीत. तो जाहिरातीचाच एक भाग समजला जातो. परंतु ज्या चित्रपटाचा विषय एका मानवसमूहाचे दास्य हा आहे, त्याच्या सोबतीच्या ग्रंथाकडे असे दुर्लक्ष करणे आम्हांस योग्य वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे दुःख ग्रंथात कोण मांडतो आणि कसे मांडतो, हा प्रश्न आमच्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा आहे. म्हणून ओप्रा विन्फ्री यांच्या १९९८ साली प्रकाशित झालेल्या ‘जर्नी टू बिलव्हेड’ या ग्रंथाचा येथे विचार करीत आहोत. मजकूर ओप्रा यांचा असून छायाचित्रे केन रेगन यांची आहेत.

अमेरिकेतील काळ्यांच्या दास्याशी आपले वैचारिक नाते जुने आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून, गुलाम ही मालमत्ता असल्यामुळे त्याचा सांभाळ करण्यात मालकाचा स्वार्थ तरी होता, अस्पृश्याच्या जगण्यामरण्याची जबाबदारी मात्र कोणावरच नव्हती, हे दाखवून दिले. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. म्हणून हा ग्रंथ आम्हांस परका नाही.

टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ ही कादंबरी १९८७ साली प्रसिद्ध झाली. १९८८ साली तिला पुलित्झर पारितोषिक लाभले आणि १९९३ साली लेखिकेस साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. कादंबरीचे बीज एका सत्य घटनेत आहे. १८५६ च्या जानेवारीत मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री आपल्या कुटुंबासह केंटकी राज्यातून गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटी येथे पळून आली. १८५० च्या पळालेल्या गुलामांविषयीच्या कायद्यान्वये तिला पकडण्यास माणसे आली, तेव्हा मुलांना पुन्हा दास्यात जाऊ देण्यापेक्षा तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा स्वहस्ते अंत केला. पुढे वाद उभा राहिला : हिच्यावर खुनाचा खटला चालवावयाचा, की हिला मालमत्ता म्हणून मालकाकडे परत पाठवावयाचे? खुनी ठरण्यासाठीसुद्धा कायद्याने आधी माणूस मानावे लागते. गार्नरच्या वाट्याला तेवढेही आले नाही. ती दास्यात परत गेली आणि १८५८ साली मरण पावली.

ही हकीकत मॉरिसन यांना आढळली ती एका सचित्र ग्रंथाचे काम करताना. १९७४ साली रँडम हाऊस या संस्थेत संपादक असताना त्यांनी ‘द ब्लॅक बुक’ सिद्ध केले. त्यात गुलामांच्या विक्रीची कागदपत्रे, जुनी छायाचित्रे, वृत्तपत्रांची कात्रणे, काळ्या संशोधकांची पेटंटे असा काळ्यांच्या इतिहासाचा साक्षीपुरावा एकत्र केलेला आहे. गार्नरविषयीचे १८५६ सालचे कात्रण त्यातच होते. म्हणजे ‘बिलव्हेड’ची वाट एका सचित्र ग्रंथातून निघाली आणि चोवीस वर्षांनी दुसऱ्या सचित्र ग्रंथाशी येऊन थांबली. या दोन ग्रंथांतील अंतर हाच आमच्या परीक्षणाचा विषय होय.

कादंबरीत सेथ या मातेच्या घरात मारलेली मुलगी पिशाच होऊन वावरते आणि पुढे तरुणीच्या देहाने परत येते. आत्मा नाकारणाऱ्या बौद्धाने हे कसे वाचावे? आमच्या मते यात अडचण नाही. येथे पिशाच म्हणजे ज्याला शब्द मिळाला नाही, ज्याचा न्याय झाला नाही, असे दुःख होय. सेथची सासू बेबी सग्ज घर सोडून जाण्याची कल्पना उडवून लावते; मृत काळ्या माणसाच्या शोकाने भरलेले नाही असे घर या देशात शोधून सापडणार नाही, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. हे वाचताना आम्हांस किसा गोतमीचे स्मरण होते. मृत बालक कडेवर घेऊन, ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरची मोहरी मागत ती दारोदार हिंडली, आणि मृत्यू कोणासही चुकला नाही हे तिला उमगले. पण दोन्ही मातांत एक महत्त्वाचा भेद आहे. गोतमीचे दुःख अनित्यतेच्या नियमातून आलेले होते. सेथचे दुःख माणसाने केलेल्या कायद्यातून आले होते. पहिल्यास समजून घेणे हा उपाय आहे. दुसऱ्यास तो पुरत नाही, तेथे व्यवस्थाच बदलावी लागते. माणसाचे माणसाशी नाते हा धम्माचा केंद्रविषय मानणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांस हा भेद वेगळा सांगावयास नको.

आता सोबतीच्या ग्रंथाकडे वळू. कादंबरी प्रसिद्ध होताच ओप्रा यांनी चित्रपटाचे हक्क मिळविले आणि चित्रपट पडद्यावर येण्यास सुमारे दहा वर्षे लागली. जोनाथन डेमी यांनी दिग्दर्शन केले. सेथची भूमिका ओप्रा यांनीच केली. त्यांनी चित्रीकरणाच्या काळात लिहिलेली रोजनिशी हा या ग्रंथाचा कणा आहे. १९५४ साली मिसिसिपी राज्यात दारिद्र्यात जन्मलेली ही स्त्री गुलामांचीच वंशज आहे. तिची तळमळ कृत्रिम आहे, असे आम्ही म्हणणार नाही. जुन्या मळ्यांवरील गुलामांच्या नावांची व किमतींची कागदपत्रे आपण जवळ ठेवीत होतो आणि चित्रीकरणापूर्वी मेणबत्ती लावून त्यांतील नावे उच्चारीत होतो, असे त्यांनी सांगितले आहे. ज्यांची नोंद केवळ किमतीसह झाली, त्यांना नावाने हाक मारणे हे मोठे कृत्य आहे. या साऱ्या प्रपंचातील आम्हांस सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच होय.

परंतु रोजनिशी नटीची आहे, आणि येथेच ग्रंथाचा तोल जातो. गुलामाने काय सोसले यापेक्षा ते सोसणे साकार करताना नटीस काय वाटले, हा मुख्य विषय होऊन बसतो. भूमिकेच्या तयारीसाठी ओप्रा यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून घेऊन रानात पळालेल्या गुलामाचा अनुभव घेतला. हेतू प्रामाणिक होता. पण ती पट्टी हवी तेव्हा सोडता येत होती. मार्गारेट गार्नरला ती सोय नव्हती. छायाचित्रांचेही तसेच. १८६३ साली लुइझियानात एका पळालेल्या गुलामाच्या फटक्यांनी सोललेल्या पाठीचे छायाचित्र घेतले गेले. गुलामगिरीविरोधकांनी त्याच्या प्रती सर्वत्र वाटल्या, कारण तो पुरावा होता. सेथच्या पाठीवरील वण कादंबरीत तिला स्वतःला दिसत नाहीत. दुसऱ्याच्या शब्दांतूनच ते तिला कळतात. चित्रपटात तेच वण रंगभूषाकाराच्या हातून येतात. रंगभूषेस आमचा आक्षेप नाही. मात्र सुंदर कागदावर छापलेले अभिनयाचे चित्र पुराव्याच्या जागी बसू लागले, तर वाचकाची करुणा नटीपाशीच थांबते.

व्यवहाराचीही बाजू आहे. चित्रपट आणि ग्रंथ ही दोन्ही डिस्ने या एकाच उद्योगसमूहाच्या शाखांची निर्मिती. चित्रपटावर सुमारे ८ कोटी डॉलर खर्च झाले. अमेरिकेत उत्पन्न झाले सुमारे २ कोटी ३० लाख. ज्या ग्रंथाचे अस्तित्व चित्रपटाच्या यशाशी बांधलेले असते, त्यास चित्रपटाचे अपयशही भोगावे लागते. कादंबरी मात्र मॉरिसन यांच्या २०१९ मधील निधनानंतरही वाचली जात आहे.

यातून आपण काय घ्यावे? दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर बाबासाहेबांची चित्रमय चरित्रे हजारो हात विकत घेतात. डॉ. जब्बार पटेल यांचा २००० सालचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा चित्रपट घरोघरी पाहिला गेला आहे. हे इष्टच आहे. परंतु मामुट्टी यांनी उभे केलेले बाबासाहेब आणि १९२७ च्या महाडचे बाबासाहेब यांतील भेद मुलांना कळला पाहिजे. आपल्या प्रत्येक चित्रमय ग्रंथात छायाचित्राखाली साल, स्थळ आणि ते कोठून मिळाले याची नोंद असावी. अभिनयाचे चित्र असेल तर तसे स्पष्ट छापावे. आणि बाबासाहेबांच्या शेजारी, मागे, गर्दीत उभे असलेल्या स्त्रीपुरुषांची नावे, ती सांगू शकणारी माणसे हयात आहेत तोवर, विहाराविहारांतून विचारून लिहून ठेवावीत. ओप्रा यांना आपल्या पूर्वजांची नावे मालकांच्या वह्यांतून शोधावी लागली. आपल्या माणसांची नावे आपल्याच वह्यांत असावीत, एवढी खबरदारी घेणे अजून आपल्या हाती आहे.