ब्रूगेलचे ‘हिमातील शिकारी’ : वन्य प्राण्यांची योजना

थोरला पीटर ब्रूगेल याचे ‘हिमातील शिकारी’ (१५६५) हे चित्र व्हिएन्ना येथील कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे. अँटवर्पचा धनिक व्यापारी निक्लास योंगेलिंक याच्यासाठी रचलेल्या ऋतुचक्राच्या मालिकेतील उपलब्ध पाच चित्रांपैकी हे एक होय. हिवाळ्यातील ग्रामजीवनाचे शांत दर्शन म्हणून त्याची ख्याती आहे व ती अकारण नाही. तथापि या शांततेचे स्वरूप कोणते, हा प्रश्न सहसा उपस्थित केला जात नाही. त्याचे उत्तर चित्रातील वन्य प्राण्यांच्या योजनेत शोधावे लागते.

प्रथम शिकारीचा विचार करू. तीन शिकारी प्रेक्षकाकडे पाठ करून गावाकडे परतत आहेत. त्यांच्यामागे माना खाली घातलेला कुत्र्यांचा मोठा कळप आहे. एवढ्या सिद्धतेचे फळ मात्र एका भाल्याला लटकणारे एकच लहानसे खोकड! खोकड ही चुलीवर चढणारी शिकार नव्हे. समोरच्या हिमात सशाची मानली जाणारी पावले उमटली आहेत. ससा मात्र कोठेच नाही. म्हणजे एक प्राणी मृतरूपाने आहे, तर दुसरा केवळ खुणेच्या रूपाने.

तिसरा प्राणी हरिण. तो खाणावळीच्या पाटीवर आहे आणि ती पाटीही एकाच आकड्यावर तिरपी लोंबत आहे. हरिणासमोर गुडघे टेकलेला पुरुष हा संत ह्यूबर्ट किंवा संत यूस्टेस मानला जातो. हरिणाच्या शिंगांमध्ये क्रूसाचे दर्शन होऊन शिकाऱ्याचे अंतःकरण पालटल्याची कथा दोघांविषयीही सांगतात. एवढ्या आधारावर हे चित्र म्हणजे मृगयेचा निषेध होय, असे प्रतिपादन करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु ते टिकणारे नाही. खाणावळीला हरिणाचे नाव असणे ही युरोपात नित्याची गोष्ट होती. शिवाय शिकाऱ्यांच्या वाकलेल्या पाठींच्या रेखाटनात उपहासाचा लवलेशही नाही. पाटीवरून एवढेच म्हणता येते की, ज्या प्राण्याची शिकाऱ्याला आस, तो येथे केवळ चित्रातील चित्र म्हणून उरला आहे.

सजीव वन्य सृष्टी उरते ती पक्ष्यांची. निष्पर्ण फांद्यांवर कावळे बसले आहेत आणि दरीवर मॅगपाय जातीचा एक पक्षी पंख पसरून तरंगत आहे. उताराने उतरणारी वृक्षांची रांग जेथे संपते, तेथून दृष्टीला तोच पुढे नेतो : गोठलेल्या तळ्यांवर खेळणाऱ्या चिमुकल्या माणसांकडे आणि फ्लँडर्समध्ये कोठेही नसलेल्या, आल्प्सची आठवण देणाऱ्या सुळक्यांकडे. हा पक्षी नसता तर दरी ही शिकाऱ्यांमागील केवळ पार्श्वभूमी ठरली असती.

सारांश, या चित्रातील शांतता ही मनुष्य आणि निसर्ग यांच्या सख्यातून आलेली नाही. ती उणिवेतून आलेली आहे. अरण्य रिकामे आहे, हात जवळजवळ रिकामे आहेत आणि तरीही तळ्यावर खेळ चालू आहे. या दोन गोष्टी एकमेकींना न खोडता एकाच प्रकाशात मांडणे, हेच ब्रूगेलच्या दृष्टीचे वैशिष्ट्य होय.