फणी काढल्यावर धाग्याचं काय होतं?

हातमागाला फणी असते. दिसायला कंगव्यासारखी. ताण्याचा प्रत्येक धागा तिच्या दातांमधून जातो आणि त्यामुळे सगळे धागे ठरावीक अंतर राखून शेवटपर्यंत सरळ चालतात. बाण्याचा धागा आडवा टाकला की हीच फणी तो ठोकून जागेवर बसवते. थोडक्यात, कापडाची शिस्त फणीच्या हातात असते. आता समजा, विणकाम अर्ध्यावर आलं असताना फणीच काढून टाकली, तर?

मोनिका कोरिया यांनी हेच केलं. १९३८ साली मुंबईत जन्म, झेवियर्समध्ये मायक्रोबायोलॉजी, आणि मग आयुष्यभर माग. फणी निघाली की ताण्याचे धागे मोकळे होतात. काही शेजारच्या धाग्याला बिलगतात, काही लांब सरकतात, मध्ये फटी पडतात. सरळ उतरणारी रेघ ओढ्यासारखी वळणं घेऊ लागते. या भटकणाऱ्या ताण्यावर त्यांनी अनेक वर्षं काम केलं. त्यांचं १९७२चं ‘ओरिजिनल सिन’ हे विणकाम आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे.

मला यातला धोका महत्त्वाचा वाटतो. मागावर विणलेला भाग गुंडाळला जात असतो, त्यामुळे पूर्ण कलाकृती विणणाऱ्यालाही शेवटी उलगडल्यावरच दिसते. त्यात फणी काढलेली. पुढचा धागा कुठे जाईल याचा अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे एखादा बदल फसला तर दोन कमांड देऊन कालच्या अवस्थेत परत जाता येतं. मागावर ती सोय नाही.

धाग्याच्या कलेवर आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बहुतेक दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे ‘मऊ, बायकी, मातीशी नातं सांगणारं’ वगैरे. दुसरं म्हणजे ‘इतकी वर्षं दुर्लक्षित, आता जगाने दखल घेतली’. दोन्हींमध्ये हात काय करतात ते येत नाही. माझं म्हणणं असं आहे की या कलाकारांच्या कामात अनिश्चितता दोन ठिकाणी असते. एक कामाच्या आत, आणि ती त्यांनी स्वतः निवडलेली असते. दुसरी कामाच्या बाहेर: कच्चा माल, जागा, पगार, प्रदर्शनाची भिंत. ती त्यांच्यावर लादलेली असते. या दोन्हींची गल्लत केली की आपण कलाकाराच्या हालअपेष्टांनाच प्रतिभा समजू लागतो.

एक सरकारी कार्यालय

ही गोष्ट मुंबईतल्या एका सरकारी कार्यालयातून जाते. पन्नासच्या दशकात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने विव्हर्स सर्व्हिस सेंटर्स उभी राहिली. हातमाग विणकरांना नवी डिझाइन्स, रंग आणि तंत्र मिळावं हा हेतू. त्यासाठी चित्रकारांना नोकरीवर घेतलं गेलं. प्रभाकर बरवे १९६१ साली तिथे लागले आणि दोन दशकं राहिले. ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणारा हा माणूस दिवसा कापडाच्या डिझाइन्सवर काम करत होता. अंबादास तिथे होते. के. जी. सुब्रमण्यन १९५९ ते १९६१ या काळात मुंबईच्या केंद्रात होते.

मोनिका कोरिया १९६२च्या सुमारास अमेरिकेत मारियान स्ट्रेंगेल या फिनिश-अमेरिकन विणकर शिक्षिकेला भेटल्या आणि विणकामाकडे वळल्या. परत आल्यावर त्या मुंबईच्या विव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये माग शिकल्या. म्हणजे ज्या व्यवस्थेने विणकराला चित्रकार दिला, तिनेच एका कलाकाराला माग दिला. नेली सेठना याही स्ट्रेंगेलच्या विद्यार्थिनी, अमेरिकेतल्या क्रॅनब्रुकमध्ये शिकलेल्या. पुढे त्यांनी बॉम्बे डाइंगसाठी काम केलं, मछलीपट्टणमच्या कलमकारीसाठी खपल्या आणि १९९२ साली गेल्या. कुलाब्याच्या एका गॅलरीत नॅन्सी अडजानिया यांनी त्यांचं मोठं प्रदर्शन मांडलं ते २०२१ साली.

‘दुर्लक्षित’ हा शब्द मला म्हणूनच खटकतो. या बायका अंधारात बसल्या नव्हत्या. त्यांना पगार देणारी, माग देणारी, रंगाची बाटली हातात ठेवणारी एक व्यवस्था होती. कला आणि कारागिरी यांच्या मधली भिंत तिथे नोकरीच्या गरजेने का होईना, पातळ झाली होती. २०२०च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने ऑल इंडिया हॅंडलूम बोर्ड बरखास्त केलं. सात ऑगस्टच्या राष्ट्रीय हातमाग दिनाच्या जेमतेम दीड आठवडा आधी. आपल्या टाइमलाइनवर तो दिन साड्यांच्या फोटोंनी साजरा झालाच.

माग नाही, फक्त गाठ

सुब्रमण्यन मुंबईहून बडोद्याला गेले. तिथे त्यांच्या हाताखाली मृणालिनी मुखर्जी शिकल्या. जन्म मुंबईचाच, १९४९चा. आई लीला मुखर्जी शिल्पकार, वडील बिनोदबिहारी मुखर्जी चित्रकार. बडोद्यात आधी चित्रकला, मग म्युरल डिझाइन. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दोर हातात घेतला. इंग्रजी लेबलवर त्याला ‘हेम्प’ म्हणतात. आपण डोळ्यांसमोर सुतळीच्या जातीचा जाड दोर आणावा, म्हणजे बरोबर अंदाज येईल.

कोरियांनी मागाची फणी काढली. मुखर्जींनी मागच काढून टाकला. दोर रंगवायचा आणि हाताने गाठी मारत जायचं, आत गरजेपुरता धातूचा सांगाडा. आधी स्केच नाही, छोटं मॉडेल नाही. एक गाठ, तिच्या शेजारी दुसरी, आणि असं करत माणसापेक्षा उंच काहीतरी उभं राहायचं. ‘देवी’ आणि ‘रुद्र’ १९८२चे, ‘यक्षी’ १९८४ची, ‘वनश्री’ १९९४ची.

नावं वाचून समीक्षक लगेच देवळात जातात: मातृदेवता, सुफलन, तंत्र. तो अर्थ त्यात आहे, मी नाकारत नाही. पण नावाच्या आधी गाठ बघा. गाठ बदलत नाही, तीच ती असते. बदलतो तो ताण आणि गाठींची संख्या. एका ओळीत गाठी वाढवल्या की पृष्ठभाग फुगतो, कमी केल्या की आवळतो, आणि दोन्ही शेजारी आले की पाकळीसारखी, ओठासारखी दुमड तयार होते. ‘यक्षी’चं शरीर कुठल्याही पुराणातून आयतं आलेलं नाही. ते मोजणीतून आणि बोटांच्या जोरातून आलंय. त्यातही शेवटचा शब्द वजनाचा. दोर खाली ओढतो, आकार ओघळतो. दगडाच्या मूर्तीत देव ताठ उभा असतो. इथे देवी स्वतःच्या वजनाने थोडी खाली बसलेली असते, आणि म्हणून जास्त जिवंत वाटते.

या कामांचे फोटो मी मोबाइलवरच जास्त पाहिलेत, तुम्हीही तेच कराल. तेव्हा एक करा: पूर्ण शिल्प पाहून झालं की झूम करून जिथे दुमड सुरू होते तिथे जा. गाठी मोजता येतात का बघा. स्क्रीनवर वजन कळत नाही, दोराचा वास येत नाही. पण हाताने किती वेळ दिला असेल ते दिसतं.

आमच्याकडची जाळी

मी वाढलो ट्रॉम्बेत. इथे गाठ ही पोटापाण्याची गोष्ट आहे. एका बाजूला भाभा अणुसंशोधन केंद्राची हद्द, दुसऱ्या बाजूला चिता कॅम्प, पुढे जेट्टी आणि खाडी. कोळीवाड्यात आजही कुणी ना कुणी सावलीत बसून जाळं सांधत असतं. पूर्वी सुताची आणि सणाची जाळी असत, आता नायलॉनची, कारखान्यात विणलेली. पण फाटलेलं जाळं दुरुस्त करायला अजून माणूसच लागतो.

जाळ्याच्या भोकाला आस म्हणतात. सगळा खेळ आसाचा. तो सारखा हवा, कारण त्याच्या मापावर कुठला मासा राहणार आणि कुठलं पिल्लू सुटणार हे ठरतं. त्यामुळे सांधणाऱ्याचं कौशल्य एकाच गोष्टीत: नवी गाठ जुन्या गाठींत ओळखू येता कामा नये.

इथे एक मोह होतो. म्युझियममधल्या दोराकडे बघून आपल्याला म्हणावंसं वाटतं, ‘अरे, आमचे कोळीसुद्धा कलाकारच की!’ मला हे वाक्य आवडत नाही. ते ऐकायला गोड आहे, पण त्याने कोळ्याचं काम कळत नाही आणि मुखर्जींचंही नाही. जाळ्यातली गाठ सारखेपणाकडे जाते, मुखर्जींची गाठ सारखी राहून फरकाकडे जाते. एकीला खाडीची परीक्षा द्यायची असते, दुसरीला नजरेची. दोघींचा मान राखायचा तर हा फरक आधी मान्य करावा लागतो.

साम्य आहे ते दुसरीकडे. दोघांचाही माल त्यांच्या हातात नाही. कोळ्याच्या जाळ्याचं भवितव्य खाडीच्या पाण्यावर ठरतं. मुखर्जींना नव्वदच्या दशकात हवा तसा दोर मिळणं कठीण होत गेलं, शिवाय हे काम शरीर झिजवणारं. १९९६ साली नेदरलँड्समध्ये त्यांनी सिरॅमिकवर काम केलं आणि पुढे त्या ब्राँझकडे वळल्या. ब्राँझमधली कामंही मोठी आहेत. पण ‘कलाकाराने नवं माध्यम धुंडाळलं’ असं जेव्हा कॅटलॉग सांगतो, तेव्हा बाजारातून दोर गायब झाला होता हेही त्याच वाक्यात यायला हवं.

उशिरा आलेली भिंत

ऑक्सफर्डच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मुखर्जींचं एकल प्रदर्शन झालं ते १९९४ साली. दिल्लीच्या नॅशनल गॅलरीत सगळी कामं एकत्र आली ती २०१५च्या जानेवारीत. उद्घाटनानंतर आठवड्याभरात, २ फेब्रुवारीला, त्या गेल्या. न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमधलं ‘फिनॉमिनल नेचर’ २०१९चं, ते त्यांनी पाहिलंच नाही.

त्याच २०१९ साली फेब्रुवारीत मुंबईच्या नॅशनल गॅलरीत बरव्यांचं प्रदर्शन उघडलं. गॅलरीच्या सल्लागार समितीबाबतच्या सरकारी निर्णयावर बोलणाऱ्या अमोल पालेकरांना व्यासपीठावरच पुन्हा पुन्हा अडवलं गेलं. बातमी त्या वादाची झाली. त्यांचा मुद्दा मात्र साधा होता: शहरातल्या कलाकारांना भिंत मिळणार की नाही, हे कोण ठरवणार? बाहेरची अनिश्चितता म्हणतो ती ही. तिच्यातून कुठलीही सुंदर दुमड निघत नाही. तिच्यामुळे प्रदर्शनं वीस वर्षं उशिरा होतात.

आज इन्स्टाग्रामवर दर शनिवार-रविवारी मॅक्रमे वर्कशॉप दिसतात. दोन तासांत वॉल हँगिंग, दोर किटमध्ये. त्यांची टिंगल करणं सोपं आहे, मी करणार नाही. घेणाऱ्या मुलींपैकी कित्येकींचं घरभाडं त्यावर निघतं, आणि शिकणाऱ्याच्या बोटांना पहिल्यांदा गाठ कळते. तक्रार एवढीच की त्या किटमध्ये सगळं आधीच ठरलेलं असतं: दोराची लांबी, गाठींची संख्या, शेवटचा फोटोसुद्धा. फणी घट्ट बसवलेली. आणि ती शिकवणारी मुलगी स्वतः मात्र पुढच्या महिन्यात हॉल मिळेल का, दहा जण येतील का, या चिंतेत.

म्हणजे सगळं उलटं झालंय. अनिश्चितता कामातून बाहेर काढली आणि जगण्यात भरली. विव्हर्स सर्व्हिस सेंटरसारख्या रुक्ष सरकारी जागेने याच्या नेमकं उलट केलं होतं: महिन्याचा पगार पक्का, म्हणून कागदावर आणि मागावर धोका पत्करता आला. मोनिका कोरियांना फणी काढता आली, कारण माग जागेवर होता. धाग्याचं काम करणाऱ्या आजच्या मुलामुलींना शाबासकी आणि लाइक भरपूर मिळतात. त्यांना हवाय तो माग, दोर आणि एक भिंत, वेळेवर.