‘पेरिप्लस’मधील तगर : एका उल्लेखाचे पुनर्वाचन

प्रस्तावना

प्राचीन भारताच्या सागरी व्यापाराचा विषय निघाला की मराठवाड्यातील इतिहासाच्या अध्यापकाच्या ओठी ‘तगर’ हे नाव आपसूक येते. तेरणा नदीकाठचे तेर म्हणजेच ते तगर. औशापासून ते सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळे आम्हांस त्याविषयी आपलेपणा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ज्या ग्रंथाच्या आधारे हा अभिमान बाळगला जातो, त्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक ग्रंथात तगराच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन वाक्ये आली आहेत. त्या वाक्यांत काय आहे आणि आपण त्यांत काय वाचत आलो आहोत, याचा चिकित्सक परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उल्लेख आणि त्याचा लेखक

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिल्या गेलेल्या या ग्रंथाचा कर्ता अज्ञात आहे. तो ईजिप्तमधील ग्रीकभाषक व्यापारी असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बंदरांविषयी तो खात्रीने बोलतो. परंतु देशावर चढून त्याने पैठण वा तगर पाहिल्याचे ग्रंथाच्या मांडणीवरून दिसत नाही. भडोचच्या बाजारात माल कोठून येतो, एवढ्यापुरतेच हे उल्लेख आहेत. ही खरेदीदाराची टिपणे आहेत, नगरवर्णन नव्हे. आणि आपल्या वाचनातील पहिली चूक येथेच होते.

त्याच्या म्हणण्यानुसार पैठण भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या आणि तगर पैठणपासून पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या अंतरावर होते. या दिशेमुळे अभ्यासकांची बरीच फसगत झाली. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तगर जुन्नर येथे, तर डॉ. रा. गो. भांडारकर यांनी ते धारूर येथे शोधले. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तेरशी केलेला मेळ पुढे सर्वमान्य झाला. नकाशावर ताडून पाहता तेर पैठणच्या आग्नेयेस येते, आणि पैठणही भडोचच्या थेट दक्षिणेस नसून आग्नेयेसच आहे. दिशा दोन्हीकडे ढोबळ आहे. दिवसांचा हिशेब मात्र जुळतो. सरळ रेषेत पहिला टप्पा सुमारे साडेतीनशे व दुसरा सुमारे दीडशे किलोमीटरचा भरतो. म्हणजे दिवसाला पंधरा ते सतरा किलोमीटर, आणि ही बैलगाडीची चाल होय. ग्रंथकाराला ऐकीव का होईना, ही माहिती गाडीवानांकडूनच मिळाली असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

वाट आणि माल

पाठ्यपुस्तकांतील नकाशांत तगर, पैठण, नाणेघाट व कल्याण यांना जोडणारी एक ठळक रेषा असते. ग्रंथकार नेमके उलट सांगतो. माल गाड्यांवरून येतो, पण विस्तीर्ण अशा रस्ता नसलेल्या प्रदेशातून. ‘व्यापारी मार्ग’ हा शब्द आपण ज्या सहजतेने वापरतो, तिला हा उल्लेख छेद देतो. काळ्या रानात पावसाळ्यात गाडी आखापर्यंत रुतते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. जहाजे ईजिप्तहून जुलैच्या सुमारास निघत व हिवाळी वाऱ्यावर परतत. हा क्रम लक्षात घेता, रान वाळल्यानंतरच्या मोजक्या आठवड्यांत तीस दिवसांचा प्रवास उरकावा लागत असणार. हे अनुमान आहे, पण मातीला धरून आहे.

शिवाय कल्याण जवळ असताना माल दूरच्या भडोचला का जात होता? याचे उत्तर लगतच्याच परिच्छेदात आहे. कल्याण पूर्वी अधिकृत बंदर होते, पुढे सत्ताबदलानंतर तेथे अडवणूक सुरू झाली आणि तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. म्हणजे नकाशावरील ती रेषा सर्वस्वी खोटी नाही. ती एका काळाची आहे आणि आपण ती सर्वकाळची म्हणून शिकवतो. हा दोष मी स्वतः बी. ए.च्या वर्गात अनेक वर्षे केला आहे.

मालाच्या बाबतीतही असेच घडते. तगराचे नाव घेताच ‘तलम मलमल’ असे म्हटले जाते. तलम वस्त्रे यादीत आहेत. परंतु यादीत आधी येते ते मोठ्या प्रमाणावरील साधे, नित्य वापराचे कापड. ‘मोलोखिना’ या तिसऱ्या प्रकाराचा अर्थ वादग्रस्त आहे. एका वनस्पतीच्या नावावरून आलेला तो शब्द तिच्या धाग्याविषयी आहे की फुलाच्या रंगाविषयी, याचा निर्णय झालेला नाही. भेंडी, अंबाडी आणि खुद्द कापूस हे त्याच कुळातील असल्याने बैलाच्या दोरासाठी अंबाडी वळणाऱ्या प्रदेशातील वाचकाला मोह होतो. तो आवरलेला बरा. यानंतर समुद्रकाठच्या प्रदेशातून तगरात येणाऱ्या मालाचाही उल्लेख आहे. हा किनारा पूर्वेचा मानल्यास तगर हे केवळ विणकरांचे गाव न राहता दोन समुद्रांमधील संकलनकेंद्र ठरते. आपल्या लेखनात या दुव्याकडे फारच कमी लक्ष गेले आहे. त्याऐवजी भारताकडे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स जातात ही प्लिनीची तक्रार वारंवार उद्धृत होते. चैनीवर चिडलेल्या रोमन लेखकाचा तो उद्गार जमाखर्चाची वही म्हणून वाचणे कितपत योग्य?

ग्रंथ आणि माती

तेर येथे १९५८ मध्ये चापेकरांनी उत्खनन केले, त्याचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेल्या वस्तूंचे शासकीय संग्रहालय गावातच आहे. तेथील संग्रहातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य भोकरदनच्या मूर्तीशी आणि १९३८ मध्ये पॉम्पेई येथे सापडलेल्या मूर्तीशी दाखवले जाते. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये गाडले गेले, त्यामुळे काळाचा पुरावा भक्कम आहे. तथापि पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर आहे, आणि ती लिपी वायव्येकडची. ती मूर्ती दख्खनचीच, असे ठामपणे म्हणता येत नाही.

येथे एक विसंगती नोंदवावी लागते. ‘पेरिप्लस’ तगराच्या मालात हस्तिदंताचे नाव घेत नाही, तो कापडाचे घेतो; आणि कापड आपल्या मातीत टिकत नाही. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदराच्या कोरड्या वाळूत मात्र भारतीय सुती कापडाचे तुकडे टिकले. ईजिप्तच्या सुताचा पीळ एका दिशेचा, भारतीय सुताचा उलट दिशेचा, यावरूनही ते ओळखता आले. ते तुकडे तगरचे होते असे म्हणण्यास आधार नाही. तेरच्या बाजूने विचारण्यासारखा प्रश्न टकळी, चाती, मागाची वजने अशा कातण्या-विणण्याच्या वस्तूंचा आहे. उत्खनन-अहवाल आणि संग्रहालयाच्या नोंदवह्या या दृष्टीने पुन्हा चाळाव्या लागतील. आमचे विद्यार्थी सहलीस तेरला जातात तेव्हा हस्तिदंती मूर्तीविषयी हमखास विचारतात. मातीच्या लहानसहान वस्तू मांडलेल्या कपाटापुढे अद्याप कोणी थांबलेले मी पाहिलेले नाही.