क्रेमरचे सूत्र आणि एक क्विंटल तूर

इयत्ता दहावीच्या गणिताच्या पुस्तकात (भाग १, बालभारती, २०१८) पहिलेच प्रकरण ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हे आहे. आमच्या वेळी यांना एकसामयिक समीकरणे म्हणत. एका चलाचा लोप, आलेख आणि क्रेमरची निश्चयक पद्धत अशा तीन वाटा त्यात दाखविल्या आहेत. आलेखाचा भाग चांगला उतरला आहे. माझी तक्रार आहे ती वर्गात क्रेमरला मिळणाऱ्या मानाविषयी. सूत्रात किमती घातल्या की उत्तर येते, गुणही मिळतात. मग लोपाची पद्धत मुलांना नुसती खटपट वाटू लागते.

खामगावच्या बाजारातले एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याने १० क्विंटल सोयाबीन व ५ क्विंटल तूर विकली. त्याला ७५,००० रुपये मिळाले. दुसऱ्याने त्याच भावाने २० क्विंटल सोयाबीन व ११ क्विंटल तूर विकून १,५७,००० रुपये घेतले. भाव काढा. क्रेमरच्या सूत्राने विद्यार्थी ४०,००० भागिले १० आणि ७०,००० भागिले १० असे मांडतो आणि सोयाबीन ४,०००, तूर ७,००० असे लिहून मोकळा होतो.

आता पहिल्याच्या हिशेबपट्टीत चुकून ७५,५०० पडले असे समजा. चूक शेकडा एकाहूनही कमी. पण तूर ६,००० वर घसरते आणि सोयाबीन ४,५५० वर चढते! असे का व्हावे, हे निश्चयकाच्या आकड्यांतून मुलाला दिसत नाही. लोपाने दिसते. पहिल्या समीकरणाची दुप्पट दुसऱ्यातून वजा केली की उरते फक्त एक क्विंटल तूर. ५०० ची चूक दुप्पट होऊन त्या एकट्या क्विंटलवर येऊन पडते. आलेख काढलात तर दोन्ही रेषा जवळजवळ समांतर दिसतील, गोष्ट तीच.

आणि दुसऱ्याची तूर १० क्विंटलच असती तर? निश्चयक शून्य, सूत्र तिथेच थांबते. लोप मात्र बोलतो. दुसऱ्याचे पैसे १,५०,००० असतील तर ० = ० उरते, म्हणजे त्याच्या पट्टीने नवे काही सांगितलेच नाही. १,५२,००० असतील तर ० = २,००० उरते, म्हणजे दोघांना भाव सारखा मिळालेला नाही, किंवा पट्टीत चूक आहे. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला ही वाक्ये वेगळी समजावून द्यावी लागत नाहीत.

स्विस गणिती गॅब्रिएल क्रेमर याने हे सूत्र १७५० साली प्रसिद्ध केले. सिद्धतांमध्ये त्याचे मोल आहेच. पण चले २० झाली तर २१ निश्चयक लागतात, आणि सरळ विस्तार केल्यास प्रत्येकात सुमारे २४ लाख कोटी कोटींच्या घरातली नव्हे, तर २.४ गुणिले १० चा १८ वा घात इतकी पदे येतात. सेकंदाला शंभर कोटी गुणाकार करणाऱ्या यंत्रालाही तीस हजार वर्षे पुरणार नाहीत. लोपाने हेच काम सुमारे ३,००० गुणाकार-भागाकारांत होते. निश्चयक लोपानेच काढला तर वेळ वाचतो हे खरे. पण मग क्रेमर हवा कशाला?

खंत आणखी एक. बुलढाण्याच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, पाटणच्या शिलालेखात, भास्कराचार्यांच्या घराण्याची नोंद आहे. त्यांच्या बीजगणितात ‘अनेकवर्णसमीकरण’ हा विषय येतो. अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे देऊन एका वर्णाच्या किमती इतरांच्या रूपात काढायच्या आणि त्या समान मांडायच्या. हा लोपच. वर्गात सांगायला किती सोपे!

शिक्षकांना एक सुचवितो. पुढच्या चाचणीत ‘भाव काढा’ याखाली ‘पहिल्या रकमेत ५०० रुपयांची चूक असेल तर तुमचे उत्तर किती हलेल, आणि का?’ हा उपप्रश्न घालून पाहा.