उन्मादाच्या इतिहासाची साधने : संग्रह आणि चिकित्सा

मनोविकृतिशास्त्र आणि मज्जाशास्त्र यांचा ऐतिहासिक ग्रंथसंग्रह विद्यापीठीय ग्रंथालयात उभारावयाचा झाला, म्हणजे त्याचा आराखडा बहुधा ठरलेला असतो. पिनेलच्या १८०१ च्या ग्रंथापासून आरंभ करावयाचा, आणि क्रेपेलिनचे रोगवर्गीकरण व काहालने रेखाटलेल्या मज्जापेशी ओलांडून फ्रॉइडपाशी थांबावयाचे. या परंपरेचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु मराठी अभ्यासकाला अशा संग्रहातून स्वसमाजाचा कोणता पुरावा मिळतो, आणि मिळालेला पुरावा त्याने कसा तपासावा, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

पहिली अडचण वर्गीकरणाची आहे. ड्यूईच्या दशांश पद्धतीत मनोविकार ६१६.८९ या अंकाखाली येतात, हिंदू धर्मपंथ २९४.५ खाली आणि मराठी साहित्य ८९१.४६ खाली. १८५८ आणि १९१२ चे वेड्यांविषयीचे कायदे विधिविभागात जातात, तर चरकाचे उन्मादनिदान आयुर्वेदाच्या कपाटात राहते. प्रत्येक ग्रंथ आपापल्या जागी योग्यच असतो. मात्र एकाच विषयाचे हे साक्षीदार परस्परांसमोर कधी उभे राहत नाहीत. ते तसे उभे केल्यास काय हाती लागते, हे दोन उदाहरणांवरून पाहता येईल.

पहिले उदाहरण सरकारी दप्तराचे. वेड्यांच्या इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत रुग्णांची संख्या, बरे झालेले, मृत आणि वेडाचे कारण अशी कोष्टके असतात. त्या कोष्टकांतील ‘गांजा’ हे कारण किती विश्वसनीय होते, याची परीक्षा १८९३ साली नेमलेल्या भांग-गांजा चौकशी आयोगाने केली. १८९२ या एका वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानातील इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे हे कारण नोंदलेले होते. आयोगाने एकेका प्रकरणाची पुन्हा चौकशी करविली, तेव्हा त्यांपैकी ९८ च प्रकरणे ग्राह्य ठरली. ‘कारण’ हा रकाना रुग्णासोबत आलेल्या कागदांवरून भरला जाई, आणि ते कागद बहुधा पोलिसांकडून येत. रुग्ण गांजा ओढतो एवढे कळले, की कारण सापडले असे समजले जाई. कोष्टक छापील आहे आणि त्यात आकडे आहेत, एवढ्यावरून त्याला प्रमाण मानता येत नाही, हा धडा त्या आयोगानेच घालून दिला आहे.

दुसरे उदाहरण त्याहून सुमारे सहाशे वर्षे जुने आहे. म्हाइंभटांनी सिद्ध केलेले ‘गोविंदप्रभुचरित्र’ वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे अभ्यासकांना उपलब्ध झाले, आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांच्या १९८४ च्या इंग्रजी अनुवादामुळे ते मराठीबाहेरही पोहोचले. रिद्धपूरचे गुंडम राऊळ मुलांत खेळतात, कोणाच्याही घरात शिरून अन्न मागतात, रुसतात, हसतात, रागावतात. त्यांना उद्देशून ‘वेडे’ आणि ‘पिसे’ हे शब्द ग्रंथातच आले आहेत. आणि त्याच माणसाला गाव माय-बापही म्हणते. म्हाइंभटांनी या आठवणी प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून मिळविल्या. महानुभावांच्या चरित्रग्रंथांत स्मरणभेद आढळला, तर तोही नोंदविण्याची परंपरा आहे. म्हणजे १८९२ च्या कोष्टकांत जी चौकशी झाली नव्हती, तिची शिस्त येथे तेराव्या शतकाच्या अखेरीस दिसते.

तथापि या तुलनेवरून एकदम उलट टोकाला जाणे अयोग्य होईल. चरित्र भक्तांनी सांगितलेले आहे. राऊळांचे वेड हे त्यांच्या दृष्टीने ईश्वरत्वाचे लक्षण होय. ज्यांना ते निव्वळ वेड वाटले, त्यांचे म्हणणे भक्तांच्या मुखातूनच आपल्यापर्यंत येते. राऊळांच्या वर्तनाला आजच्या एखाद्या रोगाचे नाव देणे हा तर उघड प्रमाद ठरेल. साक्षीदार उपलब्ध नसताना रकाना भरण्याचाच तो प्रकार आहे. या ग्रंथावरून खात्रीने सांगता येते ते एवढेच, की ज्याला वेडा म्हटले जाई अशा माणसाला एका गावाने घराघरातून जेवू घातले, आणि त्याच्या लहरी सांभाळल्या. उन्मादाच्या इतिहासात ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. उलटपक्षी इस्पितळांच्या अहवालांतील कारणे टाकाऊ ठरली, तरी त्यांतील मृत्यूंच्या व मुक्कामाच्या नोंदी मोलाच्याच राहतात.

मराठवाड्यातील अभ्यासकाला आणखी एक दक्षता घ्यावी लागेल. १८५८ चा कायदा आणि मुंबई इलाख्याचे अहवाल ब्रिटिश मुलखाचे आहेत. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ चे, तेही त्याच मुलखातले. वाळूज-पैठण हा टापू तेव्हा निजामाच्या राज्यात होता. येथील माणसांचा शोध मुंबईच्या दप्तरात घेऊन तो न लागल्यास ‘येथे काही नव्हते’ असा निष्कर्ष काढणे चूक होय. त्यासाठी हैदराबाद संस्थानाच्या फारसी-उर्दू कागदांकडेच वळावे लागेल, आणि त्या लिपीचा अभ्यास हा संशोधकाच्या तयारीचा भाग मानावा लागेल.

ग्रंथांच्या जागा बदलाव्यात असे येथे सुचवावयाचे नाही. सूचिपत्रात एक समान विषयशीर्ष देऊन ६१६.८९, २९४.५, ८९१.४६ आणि सरकारी अहवाल परस्परांशी जोडले, तरी पुष्कळ साधेल. संग्रहाची श्रीमंती ग्रंथसंख्येवर मोजण्याची रीत आहे. परंतु त्यातील एक साक्षीदार दुसऱ्याची उलटतपासणी करू शकतो की नाही, हीच त्याची खरी कसोटी मानली पाहिजे.